खाऱ्या पाण्यातलं जुनं डिझेल इंजिन: बोटमालक आणि तांडेल (बोट चालवणारे) नेहमी विचारतात ते प्रश्न

आमचं मशीनशॉप कोल्हापुरात, उद्यमनगरात आहे. मे महिना लागला की रत्नागिरी, देवगड, मालवण, वेंगुर्ल्याकडून बोटींच्या इंजिनांची हेडं, ब्लॉक आणि क्रँक टेंपोतून आमच्या दारात उतरायला लागतात. काम मिळतं याचा आनंद आहेच, पण त्यातलं बरंचसं काम जेटीवर, थोड्या खर्चात टळलं असतं हे दिसतं तेव्हा जीव हळहळतो. फोनवर जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरं इथं सविस्तर लिहिली आहेत.

समुद्र घाटाखाली, तुम्ही कोल्हापुरात. बोटीच्या इंजिनाचं तुम्हाला काय माहीत?

विचारणं रास्त आहे. कोल्हापूरच्या फाउंड्री आणि मशीनशॉप वाढली ती उसाला पाणी देणाऱ्या पंपांवर आणि गुऱ्हाळाच्या ऑइल इंजिनांवर. बीड (ओतीव लोखंड) ओतायचं, बोअर मारायचा, क्रँक ग्राइंड करायचा, ही कामं इथं पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहेत. कोकणातल्या बऱ्याच बोटींत ट्रकचंच इंजिन मरीन करून, म्हणजे बोटीला चालेल असं बदलून, बसवलेलं असतं, त्यामुळे त्याचे सुटे भाग आणि त्यावर हात बसलेली माणसं इथं मिळतात.

आम्ही बोट चालवत नाही, पण बंद पडलेल्या इंजिनाचं पोट आम्हीच उघडतो. शेतावरच्या इंजिनाचा लायनर (पिस्टन ज्यात वरखाली होतो ती नळी) झिजून येतो. बोटीतला लायनर पुष्कळदा झिजण्याआधीच गंजून येतो. होनिंगच्या (लायनर आतून घासल्याच्या) तिरक्या रेघा अजून दिसत असतात आणि त्यांच्यावर गंजाचा एक गोल पट्टा असतो, पावसाळाभर पिस्टन जिथं उभा होता नेमका तिथं. असे पट्टे बघून बघून आमची खात्री झाली आहे की खाऱ्या पाण्यातलं इंजिन चालताना कमी आणि उभं असताना जास्त खराब होतं. पुढची बहुतेक उत्तरं याच एका गोष्टीभोवती फिरतात.

इंजिन जुनं झालं हे वर्षांवरून ठरवायचं की तासांवरून?

दोन्हींवरून. लायनर, पिस्टनच्या रिंगा, बेअरिंग हे तासांवर झिजतात. इंपेलर (समुद्राचं पाणी ओढणाऱ्या पंपातली रबरी पात्यांची चकती), होज, एल्बो (एक्झॉस्टचा वाकडा पाइप), कूलरच्या नळ्या मात्र कॅलेंडरवर म्हाताऱ्या होतात, इंजिन चाललं काय आणि न चाललं काय. तासांचा मीटर बंद असेल तर आधी तो बसवा. मीटर नसेल तर वहीत रोज सुरू केल्याची आणि बंद केल्याची वेळ लिहा. दिवसाला १२ तास इंजिन चालत असेल तर २५० तास तीन आठवड्यांत होतात. "परवाच तर तेल बदललं" असं म्हणणाऱ्या मालकाच्या तेलाचे कधी कधी ५०० तास झालेले असतात.

माझ्या इंजिनात समुद्राचं पाणी थेट फिरतं की गोडं पाणी? कसं ओळखायचं?

इंजिनावर रेडिएटरसारखं झाकण असलेली टाकी असेल आणि तिच्यात कूलंट असेल, तर आत गोडं पाणी फिरतं आणि समुद्राचं पाणी फक्त कूलरच्या नळ्यांतून जाऊन त्याला थंड करतं. अशी टाकी नसेल आणि समुद्राचं पाणी सरळ ब्लॉकमध्ये जात असेल, तर ते थेट कूलिंग.

समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. पाणी जास्त तापलं की त्यातले काही क्षार भिंतींवर बसून कडक थर होतो. म्हणूनच थेट कूलिंगच्या इंजिनाचा थर्मोस्टॅट (पाणी तापल्यावर वाट उघडणारा वॉल्व्ह) ६० अंशांच्या आसपासचा असतो आणि गोड्या पाण्याच्या इंजिनाचा ७५ ते ८५ अंशांचा. दोन्ही दिसायला सारखेच असतात. एकाचा दुसऱ्याला लावू नका, त्यावर कोरलेला आकडा वाचूनच घ्या.

उन्हाळ्यात इंजिन गरम होतं म्हणून मिस्त्रीनं थर्मोस्टॅटच काढून टाकला. बरोबर केलं का?

नाही. गाडीच्या धंद्यातली ही सवय बोटीत उतरली आहे आणि तिनं फार नुकसान केलं आहे. थर्मोस्टॅट काढल्यावर इंजिन लागतं तेवढं तापतच नाही. थंड लायनरवर पाण्याची वाफ जमते, जळालेल्या डिझेलमधल्या गंधकाशी मिळून तिचं आम्ल होतं, तेलात काळा चिखल साठतो, रिंगा खाचेत चिकटतात. शिवाय काही इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना बायपासची (पाणी कूलर टाळून फिरतं ती) वाट बंद करतो. तो काढला की पाणी बायपासमधूनच गोल गोल फिरतं आणि इंजिन उलट जास्त गरम होतं.

थर्मोस्टॅट खराब आहे का ते घरी बघता येतं. पातेल्यात पाणी घ्या, दोरीला बांधून थर्मोस्टॅट आत सोडा, थर्मामीटर ठेवा आणि गॅसवर तापवा. कोरलेल्या आकड्याच्या आसपास तो उघडायला लागला पाहिजे आणि पाणी निवल्यावर पूर्ण मिटला पाहिजे. चांगला निघाला तर परत बसवा आणि गरम होण्याचं खरं कारण शोधा.

मग ते खरं कारण शोधायला सुरुवात कुठून करायची?

पाणी ज्या वाटेनं येतं त्याच वाटेनं जा. आधी बोटीच्या तळाचा कॉक (समुद्राचं पाणी आत घेणारा नळ) आणि जाळी. प्लॅस्टिकची पिशवी, शेवाळ, जाळ्याचे धागे, कालवं, सगळं तिथं सापडतं. मग गाळणीचं भांडं. त्याच्या झाकणाचं वायसर कडक झालं असेल तर पंप पाण्याबरोबर हवाही ओढतो आणि बाहेरून काहीच गळताना दिसत नाही. मग पंपाचा इंपेलर. त्यापुढं कूलरच्या नळ्या, आणि शेवटी एक्झॉस्टचा एल्बो.

एक्झॉस्टबरोबर पडणारं पाणी हा सर्वांत स्वस्त मीटर आहे. इंजिन चांगलं चालत असतानाच एकदा बादली धरा आणि ती किती सेकंदांत भरते ते घड्याळात बघून वहीत लिहून ठेवा. दर महिन्याला त्याच आरपीएमवर पुन्हा मोजा. वेळ वाढायला लागला की तापमानाचा काटा हलायच्या कितीतरी आधी तुम्हाला कळतं.

कूलरच्या नळ्या साफ करताना लाकडी काठी किंवा नळीच्या मापाचा मऊ ब्रश वापरा, लोखंडी सळई घालू नका. क्षाराचा थर कडक असेल तर सौम्य आम्लाचं द्रावण चालतं, पण ॲल्युमिनियमचा भाग असेल तिथं हायड्रोक्लोरिक ॲसिड अजिबात नको. आणि इंजिन उकळलं असेल तर वरून थंड पाणी ओतू नका. हेडला तडा जातो तो पुष्कळदा अशा वेळी जातो.

इंपेलर किती दिवसांनी बदलायचा? फाटेपर्यंत चालवला तर?

वर्षातून एकदा, किंवा २०० ते ३०० तासांनी. रोज मासेमारीला जाणाऱ्या बोटीला हंगामात तो एकापेक्षा जास्त वेळा लागू शकतो. फाटेपर्यंत थांबू नका, कारण फाटलेली पाती नाहीशी होत नाहीत. ती पाण्याबरोबर पुढं जाऊन कूलरच्या तोंडाशी अडकतात. एका बोटीला मिस्त्रीनं नवा इंपेलर घातला, तरी इंजिन गरमच व्हायचं. शेवटी हेड उतरवून आमच्याकडे पाठवलं. हेडमध्ये काही दोष नव्हता. कूलरचं टोपण काढायला सांगितलं, तर आत जुन्या इंपेलरची तीन पाती बसलेली. इंपेलर काढला की पाती मोजा, आणि एखादी कमी असेल तर ती सापडेपर्यंत इंजिन सुरू करू नका.

बसवताना ग्रीस लावू नये, पेट्रोलियमच्या ग्रीसनं रबर फुगतं. ग्लिसरीन किंवा साबणाचं पाणी लावा. एक इंपेलर, एक वायसर आणि स्क्रू बोटीवर कायम असावेत. कॉक उघडायला विसरून इंजिन सुरू केलं तर इंपेलर मिनिटाभरात जळू शकतो. त्यावर उपाय म्हणून काही तांडेल चावी कॉकच्या दांड्यालाच अडकवून ठेवतात. फार चांगली पद्धत आहे.

झिंक म्हणजे नेमकं काय आणि ते संपलं हे कसं कळतं?

खाऱ्या पाण्यात दोन वेगळे धातू एकमेकांना जोडलेले असले की त्यांची बॅटरी होते आणि त्यातला कमजोर धातू विरघळतो. आपण मुद्दाम जस्ताचा तुकडा बसवतो, म्हणजे तो विरघळेल आणि कूलर, पंप, पंखा (प्रोपेलर) वाचेल. कूलरमध्ये पेन्सिलसारखं झिंक असतं, शाफ्टवर आणि हलवर ठोकळे असतात. निम्मं संपलं की बदला. सुरुवातीला दर महिन्याला बघा, मग तुमच्या बोटीत ते किती वेगानं संपतं हे तुम्हाला समजेल.

झिंक महिन्यातच संपायला लागलं तर जास्त झिंक लावून प्रश्न सुटत नाही. वायरिंगमधून कुठंतरी करंट गळतोय, तो शोधा. उलट सहा महिने झिंक नवंकोरं दिसत असेल तर तेही वाईट लक्षण आहे. त्याला धातूचा संपर्कच मिळत नाही, किंवा कुणीतरी त्याच्यावर रंग मारला आहे. पितळी भाग गुलाबीसर दिसायला लागला तर त्यातलं जस्त निघून गेलेलं असतं. असं पितळ हातानं मोडतं, ते पाण्याच्या रेषेखाली ठेवू नका.

एक्झॉस्टच्या एल्बोला एवढं महत्त्व का देता?

कारण आमच्याकडे येणारी अचानक जाम झालेली इंजिनं पुष्कळदा एल्बोमुळे गेलेली असतात, आणि मालकाला त्याचं नावही माहीत नसतं.

एल्बोमध्ये गरम धूर आणि समुद्राचं पाणी पहिल्यांदा एकत्र येतात. उष्णता, मीठ आणि धुराचं आम्ल तिन्ही एकाच जागी. धातू आतून खाल्ला जातो, बाहेरून रंग शाबूत असतो. आतली भिंत फुटली की इंजिन चालू असताना काही होत नाही, कारण धुराच्या दाबानं पाणी पुढं ढकललं जातं. इंजिन बंद केलं की एल्बोतलं उरलेलं पाणी उलट मॅनिफोल्डकडे (सिलिंडरांचा धूर गोळा करणाऱ्या भागाकडे) उतरतं. ज्या सिलिंडरचा एक्झॉस्ट वॉल्व्ह उघडा राहिला असेल, त्यात ते जातं. दोन दिवसांनी चावी फिरवली की स्टार्टर "टक" करतो आणि इंजिन हलत नाही. मालकाला वाटतं बॅटरी उतरली. तो दुसरी बॅटरी जोडतो, जोर लावतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. पाणी दाबलं जात नाही.

वाकलेला रॉड बदलता येतो. पण त्या सिलिंडरच्या वॉल्व्ह सीटवर, लायनरवर आणि रिंगांवर चढलेला गंज बघितला की वाटतं, वर्षातून एकदा चार बोल्ट काढून आत टॉर्च मारला असता तर हे सगळं वाचलं असतं. दर वर्षी एल्बो उघडा. काजळीनं वाट निम्मी बुजली असेल किंवा टोचून बघितल्यावर भिंत पोकळ लागली तर बदला. मॅनिफोल्डच्या जोडावर गंजाचे ओघळ दिसले तर वर्षाची वाट बघू नका. इंजिन पाण्याच्या पातळीखाली बसलेलं असेल तर सायफन तोडणारा (समुद्राचं पाणी आपोआप आत ओढलं जाऊ न देणारा) वॉल्व्हही काढून धुवा. तो मिठानं चिकटतो.

याच्याशी जोडलेली एक सवय सांगतो. इंजिन सुरू होत नसेल आणि स्टार्टर पुन्हा पुन्हा मारायचा असेल तर समुद्राच्या पाण्याचा कॉक बंद करा. इंजिन पेट घेत नाही तोवर पाणी बाहेर फेकायला धूर नसतो. पंप मात्र पाणी भरत राहतो, सायलेन्सर भरतो आणि पाणी मागं येतं. इंजिन सुरू झालं की लगेच कॉक उघडा.

तेल कधी बदलायचं? दुधासारखं दिसलं तर?

तुमच्या इंजिनाच्या पुस्तकात दिलेल्या तासांना. इंजिनाप्रमाणे हा आकडा साधारण १०० ते २५० तासांत असतो. जुन्या इंजिनाला तो ताणू नका. बोट उभी करायच्या आधी बदला, हंगाम सुरू होताना नव्हे. वापरलेल्या तेलात आम्ल आणि ओलावा असतो, आणि दोन महिने बेअरिंग त्यातच पडून राहतात.

तेल दुधाळ दिसलं तर पाणी शिरलं आहे. ते गोडं की खारं हे आधी ठरवा. कूलंटची पातळी उतरली असेल तर हेड गॅसकेट किंवा लायनरच्या रबर रिंगा तपासा. कूलंट जागच्या जागी असेल तर संशय समुद्राच्या पाण्यावर घ्या, म्हणजे तेलाचा कूलर, पंपाचं सील किंवा एल्बो. तेल प्रयोगशाळेत तपासायची सोय असेल तर जरूर करा. त्यात सोडियम वाढलेलं दिसलं तर पाणी शिरल्याची शंका पक्की होते, लोखंड आणि क्रोमियम वाढलं तर लायनर-रिंगांची झीज समजते. एकाच तपासणीवर निष्कर्ष काढू नका, दर हंगामाचे आकडे शेजारी ठेवून बघा.

डिझेलमध्ये पाणी येतं कुठून?

टाकीच्या झाकणातून, हवेच्या नळीतून, आणि अर्धवट भरलेल्या टाकीच्या थंड भिंतीवर जमणाऱ्या दवातून. पाणी जड, ते तळाशी बसतं. पाणी आणि डिझेलच्या मधल्या थरात जिवाणू आणि बुरशी वाढते. फिल्टरमध्ये काळा, बुळबुळीत गाळ दिसला तर ती हीच. रोज सकाळी इंजिन सुरू करण्याआधी सेपरेटरचा (डिझेलमधलं पाणी वेगळं करणाऱ्या भांड्याचा) खालचा नळ थोडा उघडून पारदर्शक बाटलीत बघा. पाणी तळाला वेगळं दिसतं. डिझेल पंप आणि नोझलमधल्या (डिझेल फवारणाऱ्या तोंडांमधल्या) फटी इतक्या बारीक असतात की खाऱ्या पाण्याचा एक घोट त्यांना पुरतो. उभ्या बोटीची टाकी भरून ठेवा.

धुराच्या रंगावरून काय कळतं?

काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा भार जास्त. एअर फिल्टर बघा आणि पंख्यात दोरी अडकली आहे का तेही बघा. तळाला कालवं साचली तरी इंजिनावर भार येतो आणि दोष मात्र नोझलला दिला जातो. निळा धूर तेलाचा. पांढरा धूर थोड्या वेळानं विरला तर वाफ किंवा थंड इंजिन, न विरता डोळ्यांना झोंबला तर न जळलेलं डिझेल.

आणखी एक गोष्ट. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंच आहे, इथं हवा थोडी विरळ. आमच्या टेस्टिंगला भारावर थोडा धूर दिसला तरी तेच इंजिन बंदरात स्वच्छ चालू शकतं. म्हणून इथं धूर बघून डिझेल पंपाचं सेटिंग कमी करून घेऊ नका.

मासेमारीबंदीत इंजिन कसं ठेवायचं?

बंदीचा काळ १ जून ते ३१ जुलै. बोट ओढून शाकारून ठेवायची घाई असते आणि इंजिनाकडे शेवटी लक्ष जातं. सगळ्यांत जास्त गंज याच ६१ दिवसांत चढतो. आत राहिलेलं समुद्राचं पाणी सुकलं तरी मीठ मागं राहतं, आणि ते मीठ पावसाळी हवेतला ओलावा पुन्हा पुन्हा ओढून घेतं. म्हणजे "पाणी काढून टाकलं" एवढं पुरत नाही, मीठ धुऊन निघालं पाहिजे.

पंपाची सक्शन नळी गोड्या पाण्याच्या पिंपात सोडा आणि इंजिन मंद गतीवर १०-१५ मिनिटं चालवा, पिंप भरत राहा. नळाचा पाइप सरळ इंजिनाला जोडू नका. इंजिन बंद असताना नळाच्या दाबानं सायलेन्सर भरून पाणी सिलिंडरमध्ये जातं. इंजिन गरम असतानाच तेल आणि तेलाचा फिल्टर बदला, पुन्हा पाच मिनिटं चालवून नवं तेल सगळीकडे पोचवा. मग समुद्राच्या पाण्याची बाजू पूर्ण रिकामी करा. इंपेलर बाहेर काढून ठेवा, दोन महिने एकाच स्थितीत राहिला की पाती वाकलेलीच राहतात. पट्टा सैल करा. एअर फिल्टरचं आणि एक्झॉस्टचं तोंड तेलकट फडक्यानं बंद करा आणि स्टिअरिंगला चिठ्ठी बांधा, नाहीतर नारळी पौर्णिमेला घाईत ते फडकं आतच राहतं. बॅटरी घरी न्या आणि महिन्याला एकदा चार्ज करा.

यानंतरचं काम सगळ्यांत सोपं आणि सगळ्यांत जास्त विसरलं जाणारं. दर पंधरा दिवसांनी क्रँक हातानं फिरवा आणि आधीपेक्षा वेगळ्या जागी थांबवा. सुरुवातीला लिहिलेला तो गंजाचा पट्टा याच एका कामानं टळतो.

बोट बुडाली, इंजिन पाण्याखाली गेलं. आता काय?

घड्याळ सुरू झालं असं समजा. पाण्यात असताना इंजिन तेवढं गंजत नाही जेवढं बाहेर काढून हवेत सोडल्यावर गंजतं. त्यामुळे मदत तयार ठेवूनच वर काढा.

बॅटरी सोडवा. स्टार्टर मारू नका. सगळ्या नोझल काढा आणि क्रँक हातानं फिरवून पाणी बाहेर काढा. तेलाचा बोल्ट उघडा, खाली बसलेलं पाणी आधी येईल, मग तेल. आतून-बाहेरून भरपूर गोड्या पाण्यानं धुवा. मग डिझेल आणि साधं तेल मिसळून सिलिंडरमध्ये आणि सम्पमध्ये (खालच्या तेलाच्या टाकीत) घाला, क्रँक फिरवत राहा. डिझेलची टाकी, नळ्या आणि फिल्टर रिकामे करून स्वच्छ करा. त्याच दिवशी इंजिन सुरू करता आलं तर उत्तम. थोडा वेळ चालवून तेल बदला, पुन्हा चालवून पुन्हा बदला, तेल स्वच्छ दिसेपर्यंत. स्टार्टर आणि अल्टरनेटर वेगळे काढून गोड्या पाण्यानं धुऊन सुकवायला द्या. त्याच दिवशी सुरू करणं शक्य नसेल तर इंजिन तेलानं पूर्ण भरून ठेवा आणि मग आम्हाला फोन करा, आधी नको. फोनवर बोलण्यात गेलेला तासही महत्त्वाचा असतो.

दुरुस्त करून आलं तरी बोट थरथरते. इंजिनाचा दोष का?

आधी कपलिंग (गिअर आणि पंख्याचा शाफ्ट जोडणारा सांधा) बघा. शाफ्ट आणि गिअरची सरळ रेष बोट पाण्यात असताना जुळवायची, ती काठावर उभी असताना नाही. लाकडी बोट पाण्यात उतरल्यावर फुगते आणि आकार घेते, म्हणून दोन-तीन दिवस जाऊ द्या. कपलिंगच्या दोन तोंडांत चारी बाजूंनी फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घाला. १०० मिलिमीटर व्यासाला ०.१ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक नसावा. इंजिनाखालचे रबर माउंट जुने असतील तर ते दबून रेष बिघडते. ग्लँडमधून (शाफ्ट बोटीबाहेर जातो तिथल्या दोरीच्या पॅकिंगमधून) चालताना थोडे थेंब पडले पाहिजेत, पूर्ण कोरडा आवळला तर दोरी जळते आणि शाफ्टवर खाच पडते.

जुन्या इंजिनावर खर्च करायचा की नवीन घ्यायचं?

लायनर, पिस्टन, क्रँक, बेअरिंग ही झीज दुरुस्त होते. क्रँक ०.२५, ०.५०, ०.७५ मिलिमीटर असा उतरत्या मापात ग्राइंड करता येतो आणि त्या मापाचे शेल (बेअरिंगच्या अर्धगोल वाट्या) मिळतात. ब्लॉकच्या पाण्याच्या वाटांभोवतीचं बीड खाऱ्या पाण्यानं खाऊन पातळ झालं असेल तर मात्र आम्ही स्पष्ट सांगतो, यावर पैसे घालू नका. त्याला भर देता येते, पण शेजारची भिंत पुढच्या हंगामात फुटते. बरीच वर्षं थेट कूलिंगवर चाललेल्या ब्लॉकची प्रेशर टेस्ट आधी करून घ्या आणि बाकीचा खर्च नंतर ठरवा.

कोल्हापूरला काम पाठवताना काय काळजी घ्यायची?

एप्रिल-मेमध्ये पाठवा. जुलैमध्ये सगळ्यांना एकदमच हवं असतं, आणि गगनबावड्याकडे किंवा आंबा घाटात दरड आली तर ब्लॉक तयार असूनही खाली जात नाही.

भाग गोड्या पाण्यानं धुवा, सुकवा, तेल लावा आणि प्लॅस्टिकमध्ये गुंडाळा. मीठ लागलेला क्रँक पावसातून घाट चढून येईपर्यंत लाल होतो आणि मग ग्राइंडिंगचं एक माप जास्त जातं. बेअरिंगच्या टोप्या ज्या जागच्या त्या जागी बोल्टनं आवळून पाठवा, सुट्या गोणीत नकोत. त्यांची अदलाबदल झाली तर लाइन बोअर करावं लागतं, म्हणजे बेअरिंगची सगळी भोकं पुन्हा एका रेषेत कापावी लागतात. आणि जुने शेल, जुनी गॅसकेट, गंजलेल्या रिंगा फेकू नका. शेल कुठल्या बाजूनं घासला, गॅसकेट कुठल्या भोकाशी जळली, यावरून आम्हाला कारण सापडतं. ते वेगळ्या पिशवीत बांधून, सिलिंडरचा नंबर लिहून, सोबत पाठवा.